लंडनचं हॉर्निमन संग्रहालय: दोन मुलं आणि आजींना घेऊन कसं पाहावं?

चाकोरीबाहेर (प्रश्न)

ऑगस्टमध्ये चार दिवस लंडनला आहोत, मुक्काम स्ट्रॅटफर्डजवळ. सोबत सहा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ७०, गुडघेदुखी). एक दिवस हॉर्निमन संग्रहालयासाठी ठेवायचा विचार आहे. एका चहाच्या व्यापाऱ्याने जगभरातून जमवलेल्या वस्तू एवढंच माहीत आहे. जायचं कसं, वेळ किती लागतो, आणि मुलीला तिथला तो प्रसिद्ध, पेंढा भरलेला वॉलरस (लांब सुळ्यांचा समुद्री प्राणी) बघायला मिळेल का? मुलगा नक्की विचारणार की हे सगळं त्या माणसाला मिळालं कसं. त्याला काय सांगावं, हेही कळवा.

फलाट_दोन

आधी प्रवासाचं सांगतो, कारण चुका तिथेच होतात.

स्ट्रॅटफर्डहून ट्यूबच्या (भुयारी रेल्वेच्या) ज्युबिली लाइनने कॅनडा वॉटर आणि तिथून ओव्हरग्राउंडची (लंडनच्या लोकलची) विंडरश लाइन पकडून फॉरेस्ट हिल, संग्रहालयाचं स्टेशन. ओव्हरग्राउंडच्या फलाटावर पाटी वाचल्याशिवाय गाडीत चढू नका. क्रिस्टल पॅलेस किंवा वेस्ट क्रॉयडनची गाडी फॉरेस्ट हिलला जाते. क्लॅपहॅम जंक्शन आणि न्यू क्रॉसच्या गाड्याही त्याच फलाटावर येतात, पण पुढे त्यांचा रस्ता वेगळा होतो.

लंडन ब्रिजहून नॅशनल रेलची (देशभरच्या रेल्वेची) सदर्न कंपनीची गाडीही आहे आणि ती जलद जाते. तरी तुम्ही ओव्हरग्राउंडच घ्या. ट्यूब आणि ओव्हरग्राउंडवर अकरा वर्षांखालचं मूल तिकीट काढलेल्या मोठ्या माणसासोबत फुकट जातं. नॅशनल रेलच्या सगळ्याच गाड्यांना हा नियम लागू नाही.

मुलगा अकराचा, म्हणजे त्याचं भाडं लागेल. त्याच्यासाठी वेगळं ऑयस्टर कार्ड (पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड) घ्या आणि ते स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडे देऊन त्यावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत चढवून घ्या. ११ ते १५ वयाच्या पाहुण्या मुलांना तिने १४ दिवसांपर्यंत निम्मं भाडं पडतं. मूल सोबत हवं आणि सवलत प्रवासाआधी चढलेली हवी. बँकेच्या कार्डावर ती मिळत नाही.

फॉरेस्ट हिल स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि संग्रहालय वर. धडधाकट माणसाला दहा मिनिटांची चढण, पण आजींना चालवू नका. १७६, १८५, १९७ किंवा पी४ बस वर जाते आणि संग्रहालयाशीच थांबते.

दालनवेडी

वॉलरसबद्दल आधी, नाहीतर मुलीचा हिरमोड व्हायचा. तो ज्या नैसर्गिक इतिहासाच्या दालनात आहे ते मार्च २०२४ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झालं आणि २०२६ मध्ये उघडायचं ठरलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी संकेतस्थळावर बघा. बंद असेल तर मुलीला घरूनच सांगून न्या.

उघडं असेल तर त्याच्यासमोर थोडं थांबा. हा प्राणी कॅनडातल्या हडसन उपसागराकडचा. १८८६ च्या लंडनमधल्या वसाहतींच्या प्रदर्शनात तो मांडला होता. खऱ्या वॉलरसची कातडी सुरकुत्यांची आणि सैल असते. ज्यांनी तो भरला त्यांना हे ठाऊक नव्हतं, म्हणून घड्या उलगडेपर्यंत ते भरतच गेले आणि फुगवलेला तट्ट वॉलरस तयार झाला. आधी मुलांना जिवंत वॉलरसचं चित्र दाखवा आणि फरक त्यांनाच ओळखू द्या.

मुख्य संग्रहालयाला प्रवेश फुकट. मत्स्यालय आणि फुलपाखरांच्या घराला तिकीट लागतं. ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी, गर्दी असणारच, तेव्हा तिकिटं घरूनच काढा आणि फुलपाखरांसाठी सकाळची पहिली वेळ घ्या. आत उष्ण आणि दमट असतं, त्यामुळे बाहेरच्या गारव्यातून गेल्यावर चष्मा आणि कॅमेऱ्याची काच धुरकट होते. लगेच पुसू नका, काच गरम झाली की आपोआप निवळते. मत्स्यालय लहान आहे, अर्धा तास पुष्कळ. मुलाला प्रवाळांविषयी जरूर सांगा. इथल्या लोकांनी टाक्यांत तापमान आणि चंद्रप्रकाशाची नक्कल करून प्रवाळांना ठरावीक वेळी अंडी सोडायला लावली आहेत.

जागतिक दालनात (हे २०१८ मध्ये उघडलं) तीन हजारांहून जास्त वस्तू आहेत. एकेक खंड घेत फिरलात तर सहा वर्षांचं मूल विसाव्या मिनिटाला जमिनीवर बसतं. तिला एकच वस्तू शोधायला द्या. कवडी उत्तम, कारण आशिया आणि आफ्रिकेत ती पैसा म्हणूनही चालली आणि दागिन्यांवरही चढली. कवडी सापडली की त्या कपाटापुरतंच वाचायचं, बाकीचं सोडून द्यायचं. सोडवत नाही, पण सोडा.

संगीत दालनाला मात्र तासभर द्या. काचेमागे तेराशेच्या आसपास वाद्यं आहेत आणि समोरच्या टेबलांवर निवडलेल्या वाद्यांचा आवाज ऐकता येतो. आजींनाही इथे बसून ऐकता येईल. मुलाला आपली जुनी विभागणी आधी सांगून ठेवा: तत (तारांची), सुषिर (फुंकून वाजवायची), अवनद्ध (कातड्याची), घन (स्वतःच कंप पावणारी, झांजेसारखी). जगभरचे अभ्यासक वाद्यांच्या वर्गवारीसाठी वापरतात ती १९१४ ची हॉर्नबोस्टेल-झाक्स पद्धत बेल्जियमचे वाद्य-अभ्यासक मायों यांच्या कामावर उभी आहे, आणि मायोंनी आधार घेतला होता या भारतीय विभागणीचा. दालनात कुठलंही अनोळखी वाद्य दाखवून ‘चारांपैकी कशात?’ असं विचारा, मुलगा रंगून जाईल.

एकूण साडेतीन ते चार तास, बागेसह. बाग सोळा एकर आहे आणि तिथल्या ध्वनी-बागेत मोठी वाद्यं मुलांना प्रत्यक्ष वाजवता येतात. काचेमागची वाद्यं पाहून हात शिवशिवतात, म्हणून ध्वनी-बाग संगीत दालनानंतरच ठेवा.

नोंदवही

वरचं पटलं, पण ‘कसं मिळालं’ हा मुलाचा प्रश्न शेवटावर ढकलू नका. तोच धागा धरून बघितलंत तर संग्रहालय जास्त उलगडतं.

फ्रेडरिक हॉर्निमन (१८३५–१९०६). वडिलांची चहाची कंपनी, बंद पाकिटातला चहा विकून मोठी झालेली. भारत, श्रीलंका, ब्रह्मदेश, चीन, जपान, इजिप्त हे त्याचे मोठे प्रवास १८९४ नंतरचे. पण स्वतःच्या घरातला संग्रह त्याने लोकांना खुला केला तो १८९० मध्ये! म्हणजे पुष्कळ वस्तू त्याने इंग्लंडमध्ये बसूनच विकत घेतल्या होत्या. सध्याची इमारत १९०१ ची. ती त्याने संग्रह आणि बागेसकट लंडनच्या लोकांना देऊन टाकली.

आता मुलासाठी काम. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर वस्तूंची यादी आहे. तीन-चार वस्तू आधीच निवडा आणि नोंदीतलं वर्ष बघा. नोंदणी क्रमांकातलं वर्ष हे वस्तू संग्रहालयात आल्याचं असतं, ती बनल्याचं नव्हे. इथे सगळेच गोंधळतात. १९०६ नंतर आलेली वस्तू हॉर्निमनने स्वतः दिलेली असूच शकत नाही. संगीत दालन याचं चांगलं उदाहरण: ॲडम कार्स यांनी १९४७ मध्ये तीनशेहून अधिक फुंकवाद्यं दिली. एका प्रवाशाचा संग्रह म्हणून जे आपण बघतो त्यात अशी कितीतरी माणसं आहेत.

आणि बेनिनचं टाळू नका. १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने बेनिन शहर (आजच्या नायजेरियातलं) लुटलं, तिथल्या वस्तू इथेही आल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये संग्रहालयाने अशा ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला परत दिली. अकरा वर्षांच्या मुलाला विकत घेतलेलं, भेट मिळालेलं आणि लुटलेलं यातला फरक नीट कळतो.

चाकोरीबाहेर

खूप आभार, कार्डाचं तर माहीतच नव्हतं. पाऊस आला तर क्रम बदलू का?

दालनवेडी

फुलपाखरांची वेळ तिकिटावर बांधलेली असते, ती तशीच राहील. त्यानंतर आतली दालनं आणि मत्स्यालय उरका आणि बाग उघडीप मिळेल तेव्हा घ्या. ध्वनी-बाग उघड्यावर आहे, तेव्हा रुमाल ठेवा आणि मुलीचे जास्तीचे मोजेही.