कुत्रा घरी आणताना: तुमचे अनुभव सांगा

आमच्या घरी लवकरच पिल्लू यायचंय. लेक हस्कीसाठी हट्ट धरून बसलीये. मला आधी कुत्री सांभाळलेल्यांचं ऐकायचंय. कोणतं निवडलंत, का, आणि पहिल्या वर्षात काय काय करावं लागलं, मोकळेपणी लिहा.

नागपूरहून
हस्की नको. थंड मुलखातलं कुत्रं ते, अंगावर केसांचा दुहेरी थर. आमच्या शेजाऱ्यांचा मे महिन्यात दिवसभर एसीसमोरच्या फरशीवर पसरलेला असतो. उन्हं चढायच्या आत फिरवून आणावं लागतं. लेकीला भर उन्हाळ्यात असं कुत्रं दाखवून आणा, मग ठरवा.

लातूरहून
आमच्याकडे कारवान जातीचं, सडपातळ शिकारी कुत्रं आहे. बरगड्या दिसतात म्हणून पाहुणे विचारतात, पोटभर घालत नाही का? अहो, ठेवणच तशी. पळायला रान असेल तरच घ्या.

ठाण्याहून
गावठी घ्या, आपल्या हवेत छान राहतं. आमची काळी पार्किंगमध्ये जन्मली. ८ आठवडे आईपाशी राहू दिली, मगच वर आणली. भावंडांशी खेळतानाच पिल्लं शिकतात की किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो. पहिली लस ६ ते ८ आठवड्यांची झाल्यावर, मग दर ३-४ आठवड्यांनी १६ आठवड्यांपर्यंत. रेबीजची ३ महिने पूर्ण झाल्यावर. तोवर भटकी कुत्री फिरतात तिथे खाली सोडू नका, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

चिपळूणहून
कोकणात पावसाळा म्हणजे गोचीड. मी रोज संध्याकाळी मोतीचे कान उलटून बघते, मग बोटांच्या बेचक्या, पट्ट्याखालची मान, शेपटीचं मूळ. सापडली की चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, तेल काही ओतायचं नाही. मागच्या पावसात त्याने जेवण सोडलं. ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढुरक्या. तसाच दवाखान्यात नेला. रक्तात प्लेटलेट्स घसरलेल्या, गोचीडताप निघाला. डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लीनचा पूर्ण कोर्स दिला, बरा झाला. आणि कळकळीने सांगते, ताप वाटला तरी आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, जिवावर बेतू शकतं.

पुण्याहून
कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं बंद. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नकोत, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. घरी आल्यागेल्यांनाही हे आधीच सांगून ठेवा.

कोल्हापूरहून
मादी घेतलीत तर नसबंदीचं डॉक्टरांशी बोलून ठेवा. आमच्या राणीच्या गर्भाशयात पू झाला होता, रातोरात ऑपरेशन करावं लागलं.
बाकी, दिवसभर घरी कोण असतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. लहान पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शूला न्यावं लागतं. सगळेच सकाळी बाहेर पडत असाल तर पिल्लाऐवजी निवारागृहातलं मोठं, शांत कुत्रं बघा. घरी कोण कोण असतं?