चाक सोडा, गिअर धरा
दोन इंजिनांची 60 फुटी मोटरबोट धक्क्याला लावताना सुकाणू ऐकतच नाही, शिवाय इंजिन तापतंय, अशी तक्रार एकाने केली आहे. नाहीच ऐकणार हो! या बोटींची सुकाणूपाती वेगात धावण्याच्या हिशेबाने लहान ठेवलेली असतात. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा (प्रोपेलरचा) झोत अंगावर आला नाही तर त्यांना जोर नसतो, आणि रिव्हर्समध्ये झोत उलटाच जातो.

सुकाणूचं चाक मधोमध ठेवा आणि विसरा. उजवं इंजिन पुढे, डावं मागे टाकलं की नाक डावीकडे वळतं, बोट जवळपास जागच्या जागी फिरते. थ्रॉटलचा मोह नको. दोनेक सेकंद गिअर, मग न्यूट्रल, मग नुसतं बघत राहायचं. 35-40 टनांचं धूड एकदा हललं की सहज थांबत नाही.

इंजिन तापतंय, तर समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चक्र) काढून पाती मोजा. मी एकदा नवा इम्पेलर बसवून मोकळा झालो. जुन्याचा रबरी तुकडा हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनाची उष्णता काढून घेणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकलेला, पुढच्याच फेरीत तापमानाचा काटा पुन्हा वर! हरवलेला तुकडा सापडेपर्यंत काम झालं असं समजू नका.