मदत हवी आहे : नॅरेटिव्ह थेरपीचा अनुभव कुणाला आहे का?

नमस्कार. स्पर्धा परीक्षेची वयोमर्यादा उलटल्यावर माझा धाकटा भाऊ पुण्याहून गावी परतला आणि तेव्हापासून ‘मी वाया गेलेला माणूस आहे’ हे एकच वाक्य तो जेवताना, फोनवर, अगदी आईची औषधे आणायला निघतानाही म्हणतो. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्यांनी झोप सुधारली, पण ते वाक्य काही हटत नाही.

ऑस्ट्रेलियातील मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधील डेव्हिड एप्स्टन यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेल्या नॅरेटिव्ह थेरपीबद्दल, म्हणजे माणूस स्वतःविषयी जी हकिकत सांगतो तिच्यावर काम करणाऱ्या समुपदेशनाच्या पद्धतीबद्दल, मी वाचले. समस्येला माणसापासून वेगळे काढून ‘हे अपयश तुला काय सांगते, आणि कोणत्या वेळी तू त्याचे ऐकले नाहीस?’ असे विचारण्याची रीत मला पटली. कारण हाच भाऊ संध्याकाळी गल्लीतल्या मुलांना गणित शिकवतो, ते मात्र त्याच्या स्वतःच्या हकिकतीत कुठेच येत नाही. (‘सकारात्मक विचार कर’ या सल्ल्याचा त्याला, आणि खरे तर मलाही, वीट आला आहे.)

या पद्धतीने मराठीतून, शक्यतो ऑनलाइन, काम करणारे प्रशिक्षित समुपदेशक कुणाला माहीत आहेत का? घरच्यांनी असे प्रश्न विचारावेत की ते समुपदेशकांवरच सोडावे, हेही अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.