मदत हवी आहे: इंजिन मधोमध असलेली जुनी स्पोर्ट्स कारच झटक्यात का गरकते?

अर्धवर्तुळ

नमस्कार मंडळी,

कॉम्प्युटरवर जुन्या गाड्यांचा रेसिंग सिम्युलेटर खेळतो. असल्या गाड्या प्रत्यक्ष हातात येणं कठीणच, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

सध्या तीन गाड्या आलटूनपालटून चालवतोय: एमजीबी (इंजिन पुढे), १९६७ची पोर्शे ९११ (इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे) आणि लॅम्बोर्गिनी मिउरा (इंजिन सीटच्या मागे, आडवं). तिन्हींची मागची चाकं ओढणारी. वेगात वळताना मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडला की एमजीबी नाक जरा आत घेते, बस्स. ९११ची शेपूट बाहेर निघते. निघतेय हे कळतं, पण एकदा निघाली की आवरत नाही. मिउराचं मात्र काही कळायच्या आत तोंड उलटीकडे!

९११चं समजू शकतो. पण इंजिन मध्ये म्हणजे समतोल उत्तम, असं जिथेतिथे वाचलंय. मग ती सगळ्यात बेभरवशाची कशी? सिम्युलेटरचं गणित चुकलंय का? सेटिंग नको, कारण हवंय.

तेलकट हात

गणित बरोबर आहे. वजन पुढे-मागे किती वाटलंय ही एक गोष्ट, आणि ते गाडीच्या गुरुत्वमध्यापासून किती लांब आहे ही दुसरी. शाळेतलं जडत्व आघूर्ण (वस्तू फिरायला किती विरोध करते ते) आठवतंय ना? तेच. भरल्या घागरींची कावड खांद्यावर घेऊन गर्रकन वळून बघा, मग त्याच घागरी पोटाशी धरून वळा. वजन तेवढंच, पण कावड फिरायला नाखूश आणि फिरली की थांबायलाही नाखूश.

पोर्शे ९४४मध्ये इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे. वाटणी जवळपास निम्मी-निम्मी, पण वजनं दोन टोकांना, म्हणून ती सावकाश घसरते आणि सावरायला वेळ देते. मिउराचं बहुतेक जड सामान मधोमध. वळायला चपळ, तशीच गरकायलाही. पकड सुटेपर्यंत समतोल तुमच्या बाजूने असतो, सुटल्यावर वेळ मिळत नाही.

९११मध्ये भार मागे आणि तोही टोकाला. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे झुकतं, मागच्या टायरची पकड कमी होते आणि नेमकं त्यांनाच जास्त वजन आवरायचं असतं. पोर्शेलाही हे माहीत होतं. सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत चक्क लोखंडी वजनं बसवली होती! १९६९च्या मॉडेलला इंजिन जागेवर ठेवून मागची चाकं मागे सरकवली, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २२११ मिमीवरून २२६८ झाला.

वाकडी वाट

वरच्याशी सहमत, पण सगळं खापर इंजिनच्या जागेवर फोडू नका. १९६०ची शेव्हरले कॉर्व्हेअर घ्या. इंजिन मागे होतंच, पण खरा घोळ स्विंग अ‍ॅक्सलचा, म्हणजे आतल्या टोकाच्या सांध्यावर चाकासकट वरखाली झुलणाऱ्या दांड्याचा. जोरात वळताना बाहेरचं मागचं चाक गाडीखाली दुमडल्यासारखं व्हायचं आणि पकड एकदम जायची. कंपनीचा उपाय काय, तर पुढच्या टायरांत १५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा, मागच्यांत २६! म्हणजे पुढची पकडच मुद्दाम कमी करायची. हे पाळणारे किती असतील कोण जाणे. १९६५ला मागचं सस्पेन्शन बदललं. इंजिन होतं तिथेच राहिलं, तरी गाडी बरीच सुधारली.

मिउराची आणखी एक गंमत: पेट्रोलची टाकी पुढे. पेट्रोल संपत जाईल तसं नाक हलकं होतं, त्यात जास्त वेगाला हवा नाक उचलते. सिम्युलेटरमध्ये भरली टाकी आणि तळाला गेलेली टाकी, दोन्हींवर तेच वळण घेऊन बघा.

अर्धवर्तुळ

कावड डोक्यात फिट बसली, धन्यवाद. पण मध्ये इंजिन असलेली गाडी एवढी फटकन गरकते तर रेसिंगवाले तिच्याच मागे का लागले?

तेलकट हात

कारण त्यांना चपळाईच हवी असते, आणि तिचा लगाम धरणारा माणूस आत बसलेला असतो. १९५८च्या अर्जेंटिना ग्रांप्रीत स्टर्लिंग मॉस ड्रायव्हरच्या मागे, मधोमध इंजिन असलेली छोटी कूपर घेऊन जिंकला, १९५९ला जॅक ब्रॅबहम कूपरवरच विश्वविजेता झाला. ड्रायव्हरच्या खालून प्रॉपेलर शाफ्ट (पुढच्या इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) न्यायचा नसल्याने त्याला खाली बसवता आलं, गाडी बुटकी आणि हलकी झाली. थोड्याच वर्षांत फॉर्म्युला वनमधून पुढे इंजिन असलेल्या गाड्या गेल्याच.

अर्धवर्तुळ

आणि ९११मध्ये वळणाच्या मधोमध वेग जास्त वाटला तर?

वाकडी वाट

पाय झटकन उचलायचा नाही, हे पहिलं. अगदी थोडा सैल करा, स्टिअरिंगही थोडं सैल सोडा, गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकली तर सरकू द्या. ब्रेक सरळ रेषेतच उरका. मागे वजन असल्याने मागची चाकंही ब्रेकचं काम चोख करतात. वळणात अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबलेला ठेवा आणि बाहेर पडताना बिनधास्त द्या. तिथे एमजीबी आरशातही दिसणार नाही.