वडावरची वटवाघळं आणि निपाह

ए-१०२: निपाह विषाणूच्या बातम्या वाचून झोप उडाली आहे. आपल्या सोसायटीतली पोरं त्या वटवाघळांच्या वडाखालीच खेळतात. रविवारी फांद्या छाटू, फटाके लावू, जातील वटवाघळं निघून.

बी-३०४: मलाही पटतंय.

सी-२०१: काका, फटाके नकोत, हात जोडते. विषाणूंच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहिते. फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या अंगात निपाह असतो, त्यांना काही होत नाही. लाळेतून, लघवीतून तो बाहेर पडतो. त्याच्याच कुळातल्या हेंड्रा विषाणूवर ऑस्ट्रेलियात अभ्यास झालाय. वटवाघळांची राहती जागा गेली, उपासमार झाली की विषाणू जास्त बाहेर पडतो असं त्यात दिसलं. म्हणजे हुसकावून आपणच धोका वाढवायचा.

१९९८ मध्ये मलेशियात काय झालं बघा. डुकरांच्या गोठ्यांवर आंब्याची झाडं होती. वटवाघळांची उष्टी फळं खाली पडली, डुकरांनी खाल्ली, त्यांच्याकडून माणसांना लागण झाली. शंभरावर माणसं गेली. बांगलादेशात खजुराच्या कच्च्या रसातून होतो, रात्री वटवाघळं मडक्याला तोंड लावतात.

बी-३०४: पण केरळात तर माणसाकडून माणसाला झाला ना?

सी-२०१: हो, आणि खरी भीती तीच. २०१८ ला कोळिकोड भागात बहुतेकांना इस्पितळातच लागण झाली. लिनी पुथुसेरी ही नर्स रुग्णाची सेवा करताना गेली, दोन लहान मुलं मागे ठेवून. तिची आठवण आली की अजून गलबलतं. आधी ताप, डोकेदुखी. मग मेंदूला सूज आली की गुंगी, बरळणं, झटके. शंभरातले ४० ते ७५ दगावतात, बाजारात लस नाही.

ए-१०२: महाबळेश्वरच्या गुहेतही सापडला होता म्हणे?

सी-२०१: हो, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये वटवाघळांचे नमुने घेतले, त्यांत. पण वटवाघळात असणं वेगळं आणि माणसात येणं वेगळं.

सेक्रेटरी: छाटणी थांबवतो. झाडाखाली रोज झाडून घेऊ, वॉचमनना हातमोजे देऊ.

सी-२०१: मास्कही द्या. आधी पाणी मारायचं, सुकं झाडायचं नाही. मेलेलं वटवाघूळ दिसलं तर कुणीही हात लावू नका.

डी-४०३: ताई, माझ्या मुलीने काल खाली पडलेलं कुरतडलेलं फळ उचललं होतं...

सी-२०१: तोंडात घातलं का?

डी-४०३: नाही. लगेच साबणाने हात धुतले.

सी-२०१: मग घाबरू नका. पुढच्या काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना हे आठवणीने सांगा. संध्याकाळी मी घरी येते, तिच्याशी बोलते.