प्रति: जुन्या टॅबवर वायफाय रडतखडत का चालतं?
नवा राउटर घेतला की जुना टॅबही पळेल, हे म्हणणं मला पटत नाही. आईचा २०१२ चा टॅब फक्त २.४ गिगाहर्ट्झ या वायफायच्या जुन्या पट्ट्यावर चालतो, अँटेना एकच. अशा टॅबची जोडणी कागदावरच ७२ एमबीपीएसपर्यंत, हातात पडतो जेमतेम निम्मा वेग. मग इंटरनेटचा प्लॅन २०० एमबीपीएसचा असो की ५०० चा.

पण तिला २० सुद्धा मिळेना, म्हणून राउटरची सेटिंग्ज उघडली. सुरक्षेच्या रकान्यात ‘टीकेआयपी’ हा वायफायच्या सुरक्षेचा जुना प्रकार निवडलेला! ते असलं की ८०२.११एन चा (म्हणजे वर सांगितलेला ७२ पर्यंतचा वेग देणाऱ्या वायफाय प्रकाराचा) वेग मिळतच नाही, जोडणी त्याआधीच्या वायफायच्या ५४ एमबीपीएसवर घसरते. (शिवाय ते आता सुरक्षितही राहिलेलं नाही.) त्याजागी ‘डब्ल्यूपीए२-एईएस’ हा नंतरचा सुरक्षा प्रकार केला, टॅबवर पासवर्ड पुन्हा टाकला आणि आईच्या कीर्तनाच्या व्हिडिओवरचं ते गरगर फिरणारं चाक थांबलं. खर्चात पडण्याआधी तेवढं बघाच.