मदत हवी आहे: क्षयरोगातल्या टी पेशींवर पीडी-१ दिसला म्हणजे त्या थकल्या का?

नमस्कार मंडळी,
एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुनाट जिवाणू संसर्गात रोगप्रतिकारक पेशी कशा बदलतात, हा सेमिनारचा विषय. उदाहरण म्हणून क्षयरोग घेतला आणि एका जागी अडले आहे.

मॅक्रोफेजचा, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींचा, भाग कळला. गिळलेला जंतू त्यांच्याच पोटात तग धरतो, काही मॅक्रोफेज चरबीचे थेंब साठवून फेसाळ होतात, भोवती लिम्फोसाइट (टी पेशी याच गटातल्या) जमून ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींची गाठ, बनतो.

अडचण टी पेशींची आहे. उंदरांमधल्या एलसीएमव्ही विषाणूच्या जुनाट संसर्गात अँटिजेन (टी पेशी ओळखतात तो विषाणूचा अंश) सतत समोर राहिल्याने टी पेशी थकतात आणि त्यांच्यावर पीडी-१ हा त्यांना आवरणारा, ब्रेकसारखा रेणू टिकून राहतो. तो अडवला की त्या पुन्हा कामाला लागतात. कर्करोगाची काही औषधं यावरच उभी आहेत. २०१८ चं वैद्यकाचं नोबेल ॲलिसन आणि होंजो यांना असे ब्रेक अडवून कर्करोगावर उपचार करता येतात, या शोधासाठीच मिळालं. मग क्षयात पीडी-१ नसलेले उंदीर जास्त जगायला हवेत ना? ते तर साध्या उंदरांच्या आधी मरतात, आणि फुप्फुसात जंतूही जास्त सापडतात! पीडी-१ विरोधी औषध घेणाऱ्या काही कर्करुग्णांमध्ये क्षय उफाळल्याच्याही नोंदी आहेत.

ब्रेक काढल्यावर जंतू वाढतात कसे? आपल्याकडे घरोघरी माहीत असलेला आजार आहे, त्यामुळे नुसत्या स्लाइड भरायच्या नाहीत, नीट समजून घ्यायचं आहे. कृपया कुणीतरी उलगडून सांगा.

प्रतिसाद:
प्रश्न अगदी योग्य जागी आला आहे. पीडी-१ नसलेल्या त्या उंदरांमधल्या सीडी४ पेशी (टी पेशींचा एक प्रकार) काढून टाकल्या तर ते जास्त दिवस जगतात. म्हणजे घात बेलगाम सीडी४ पेशींनी केला. त्या इंटरफेरॉन गॅमा (इतर पेशींना चेतवणारं संदेशवाहक प्रथिन) अति प्रमाणात सोडतात आणि फुप्फुसाच्या ऊती मरतात. इंटरफेरॉन गॅमा क्षयात लागतोच, पण मापात.

दुसरं, क्षयात पीडी-१ असलेल्या बऱ्याच सीडी४ पेशी थकलेल्या नसतात. त्या विभाजित होत राहतात आणि रक्तवाहिनीतून बाहेर पडून फुप्फुसाच्या ऊतीत, संसर्गाच्या जागी पोचतात. केएलआरजी१ हा दुसरा रेणू असलेल्या सीडी४ पेशी इंटरफेरॉन गॅमा जास्त बनवतात, पण रक्तवाहिन्यांतच अडकून राहतात आणि संरक्षणाला फारशा उपयोगी पडत नाहीत. सेमिनारमध्ये या दोन गटांची तुलना आधी मांडा, एलसीएमव्ही नंतर घ्या.

धागाकर्ती:
खूप आभार! एकच शंका उरली: फुप्फुसातल्या पेशी रक्तवाहिनीत आहेत की ऊतीत, हे प्रयोगात वेगळं कसं ओळखतात?

प्रतिसाद:
उंदराला मारण्याच्या काही मिनिटं आधी रंगीत अँटिबॉडी शिरेतून देतात. रक्तातल्या पेशींना ती चिकटते, ऊतीतल्या कोऱ्या राहतात. मग फ्लो सायटोमेट्रीवर (एकेक पेशीचा रंग मोजणाऱ्या तंत्रावर) दोन्ही वेगळ्या दिसतात.